आमच्याकडे नवीन

१

रोज सकाळी घरात काहीतरी नवं करायचं. त्याची एक ओळ लिहायची. मग संध्याकाळपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. आणि का, हे विचारायचं नाही.

हा आमच्या घरातला नियम. लोक चपला दाराबाहेर काढतात तितक्या सहजपणे आमच्याकडे तो पाळला जायचा. नवं म्हणजे फार मोठं काही लागायचं नाही. नळाचा वायसर बदलला, नवीन पायपुसणं आणलं, खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे सरकवली, एवढ्यावर भागायचं. काका खाली ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर ओळ लिहायचे. 'स्वयंपाकघरात निळा मग आला.' 'जिन्याच्या दिव्याला नवीन बल्ब.' खरं तेच लिहायचं, आणि वस्तूंबद्दलच लिहायचं. माणसांबद्दल अवाक्षर नाही. लिहून झालं की काका खालूनच सांगायचे, "झालं गं," आणि त्यानंतर ती खुर्ची दिवसभर रिकामी राहायची, मग घरात पाहुणे उभे का असेनात.

एकदा माझी शाळेतली मैत्रीण अशा खुर्चीवर बसायला गेली, तर आईने तिला दंडाला धरून उठवलं. इतकं जोरात की दंडावर आईची बोटं उमटली. मग आईने तिला बिस्किटं दिली, तिची सुटलेली वेणी घालून दिली, खूप गोड बोलली, पण कारण काही सांगितलं नाही. मैत्रीण पुन्हा आमच्याकडे फिरकली नाही.

मी कारण विचारलं की काका म्हणायचे, "आली आमची बॅरिस्टर." आई म्हणायची की मोठी माणसं सांगतात त्याला काही अर्थ असतो. काय अर्थ, ते मात्र मोठ्या माणसांनाही सांगता यायचं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मला त्यांचा लहानपणापासून राग यायचा. आत्या तेवढी काही बोलायची नाही. ती मधल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. पांढरे केस, वाकलेली पाठ, हातांवर सुरकुत्यांचं जाळं. बरीच मोठी होईपर्यंत मी तिला आजी समजत होते. ती काकांची शेंडेफळ बहीण आहे, आईहूनही लहान, हे कळलं तेव्हा मी आधी हसले. मग आईकडे पाहिलं. "आजारपण झालं होतं तिला," आई म्हणाली आणि धुतलेली भांडी फडताळात लावायला लागली.

२

आमचा धंदा कात्रणांचा. पूर्वी काका आणि त्यांचे वडील वर्तमानपत्रं कापायचे. कुठल्या पंपाच्या कंपनीबद्दल, कुठल्या दवाखान्याबद्दल कुठे काय छापून आलं, ते चिकटवून गिऱ्हाइकाला पाठवायचे. आता कात्री गेली. आता ऑफिसात फीड रीडर चालतो. पडद्याच्या डाव्या बाजूला शेकडो साइट्सची नावं, आणि ज्या साइटवर काही नवीन आलं असेल तिचं नाव ठळक होतं. आपल्याला एकेका साइटवर जाऊन बघावं लागत नाही. आपलं यंत्रच थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकीच्या दारात जातं आणि विचारतं, नवीन काही? असलं तर घेऊन येतं. नसलं तर मुकाट परत फिरतं, थोड्या वेळाने पुन्हा जातं. त्याला कंटाळा येत नाही आणि अपमानही वाटत नाही.

कॉलेज संपवून मी ऑफिसात बसायला लागले ती या कामात मला गती आहे म्हणून. काका अजून कात्रीच्या काळातल्यासारखे प्रत्येक बातमी कागदावर छापून वाचायचे. मी आल्यावर महिन्याभरात कागद बंद केला. ते चिडले, चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी गुपचूप पडद्यावर वाचायला लागले.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि रोजची ती ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मला वाटायचं, काका कुठल्यातरी डायरीसारख्या फाइलमध्ये लिहीत असतील. तसं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या साइटवर कोपऱ्यात एक पान होतं, 'आमच्याकडे नवीन'. साइट जिन्याखालच्या कपाटातल्या एका जुनाट कॉम्प्युटरवर चालायची. त्या पानालाही फीड होतं, म्हणजे नवीन ओळ आली की बाहेरच्या यंत्राला ती आपोआप उचलता यायची. आणि ते फीड कोणीतरी नेत होतं.

एकच वाचक. कुठला प्रोग्रॅम, कुठलं गाव, काही कळत नव्हतं. जिथे वाचकाचं नाव असायला हवं तिथे रिकामी जागा होती. तो आला की कपाटातला कॉम्प्युटर जागा व्हायचा आणि आतून आवाज यायचा. खुट्. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आले होते. झोपताना, अभ्यास करताना, आजारी पडून दुपारी एकटी पडलेली असताना. मला वाटायचं लाकूड वाजतं.

मी काकांना विचारलं, हे कोण आहे. त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ते म्हणाले, "गिऱ्हाईक आहे आपलं. जुनं." मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे तर नाव असेल, पत्ता असेल. ते म्हणाले, "तू ओळ लिही आणि मोकळी हो."

मला हसू आलं होतं. विसरलेला बॉट असणार, आपोआप चालणारा प्रोग्रॅम, असं मी ठरवलं. कोणीतरी कधीकाळी लावून ठेवलेला, मालक मरून गेला तरी नेमाने फेऱ्या मारणारा. इंटरनेटवर असले हजारो भटकत असतात. आणि आमची म्हातारी माणसं त्याला रोज बादल्या आणि बल्ब वाढत बसली होती.

३

तरी मी एक गोष्ट करून पाहिली. बाजारातून अगदी एकसारखे दोन पांढरे कप आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ओळ लिहिली ती एकाचीच. 'टेबलावर खिडकीकडच्या बाजूला पांढरा कप आला.' समोर मोबाइल उभा करून कॅमेरा चालू ठेवला आणि सगळ्यांना बजावलं की टेबलाकडे कोणी जायचं नाही. आई म्हणाली, आज तू नियम सांगतेयस म्हणजे आज सूर्य कुठून उगवला. मी लक्ष दिलं नाही.

थोड्याच वेळात कपाटातून आवाज आला. खुट्.

संध्याकाळी आतल्या बाजूचा कप सकाळी होता तसाच होता. खिडकीकडच्या कपाची कड झिजली होती. चकाकी गेली होती. आत तळाशी चहाची तपकिरी वर्तुळं होती, एकावर एक, जणू वर्षानुवर्षं कोणीतरी त्यात पीत आलं होतं. कानाजवळ केसासारखी बारीक चीर.

मी पूर्ण चित्रण पाहिलं, पळवत पाहिलं, मग हळू करून पाहिलं. टेबलाजवळ कोणी आलं नव्हतं. ऊन सरकत होतं, पडदा हलत होता, बाकी काही नाही. बघत असताना कपात काहीही बदलत नव्हतं. पण सकाळचं चित्र आणि संध्याकाळचं चित्र शेजारी ठेवलं की ते दोन वेगळे कप होते.

तेव्हा मला आमच्या घराकडे पहिल्यांदा नीट पाहावंसं वाटलं. मागच्या आठवड्यात आणलेला टॉवेल विरला होता. दिवाळं निघालेल्या लॉजसारखं सगळं घर, हँडलं गुळगुळीत, उशा बसक्या, खुर्च्यांचे हात काळवंडलेले. आम्ही रोज काहीतरी नवं आणत होतो आणि आमच्या घरात एकही वस्तू नवी नव्हती. लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं, म्हणून दिसलं नव्हतं.

उन्हाने होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्ही कपांवर सारखंच ऊन होतं, हेही मलाच माहीत होतं.

कप घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी तो हातात फिरवला, चिरेवर अंगठा ठेवला. "वाचून झाला," ते म्हणाले. "एवढं काय त्यात. वस्तू झिजायच्याच असतात." मग मोबाइल मागून घेतला आणि चित्रण पुसून टाकलं. डोळा बरा नव्हता तरी बटण बरोबर सापडलं.

४

त्याच सुमारास ताई राहायला येणार असं ठरलं. भावजींची बदली झाली होती, नवीन घर लागायचं होतं, आणि तिचं बाळ तर जेमतेम महिन्याचं. घरात गडबड उडाली. वरची मागची खोली झाडली, पडदे धुतले. मी आईला म्हटलं, निदान ताई आहे तोवर हा वस्तूंचा खेळ बंद करू. आई म्हणाली, "बंद करून बघायला आपण कोण?" या वाक्याला काही अर्थ नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नसू दे.

ताई येणार त्याच्या आदल्या दिवशी सुताराकडून पाळणा आला. पांढरा रंग, कडेला गोल दांडे, हलवला तरी आवाज नाही. काकांच्या डोळ्याची तपासणी होती, म्हणून ते आणि आई सकाळीच बाहेर पडले. मला त्या दिवशी काही वेगळं सुचायची गरजच नव्हती. नवी वस्तू आयती घरात आली होती. मी ओळ लिहिली. 'वरच्या मागच्या खोलीत पाळणा आला.' वस्तूबद्दलच होती. खरी होती. नियमात तंतोतंत बसणारी.

दुपारी मी कानाला हेडफोन लावून पंपाच्या कंपनीच्या माणसाशी बोलत होते. त्याला त्याच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल आलेलं सगळं हवं होतं, स्वतःबद्दल आलेलं वाईट सोडून. ताई एक दिवस आधीच आली. तिच्याकडे किल्ली होतीच. खाली मी बोलतेय हे बघून ती मला त्रास न देता बाळाला घेऊन वर गेली.

बोलणं संपवून हेडफोन काढले तेव्हा कपाटातून आवाज येत होता. खुट्. थोडा वेळ शांत. खुट्. एवढ्या लवकर दुसऱ्यांदा तो कधी आल्याचं मला आठवत नव्हतं.

मी वर गेले. ताई पलंगावर गाढ झोपली होती, अंगात प्रवासाचे कपडे तसेच. बाळ पाळण्यात होतं, जागं, शांत. पाळण्याच्या कडेचा रंग उडाला होता, माणसं जिथे हात ठेवून वाकतात नेमका तिथे, आणि खालचं लाकूड हाताळून हाताळून काळं, तुळतुळीत झालं होतं.

मी बाळाला उचललं. ताई जागी झाली आणि म्हणाली की जुनाच पाळणा उतरवलात ते बरं केलंत, नव्याला रंगाचा वास येतो. तो आजच आलाय, असं मी तिला सांगितलं. ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "मला काय माहीत गं, ओळ लिहिलीय ते? हात भरून आले होते माझे."

५

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर ताई बाळाला तेल लावत होती. तिने मला हाक मारली आणि त्याची उजवी टाच दाखवली. टाचेला भेग होती. लहान बाळांची कातडी सुटते, सोलपटते, हे मला माहीत होतं. आदल्या रात्री भीतीने मी लहान बाळांबद्दल जे सापडेल ते वाचून काढलं होतं. पण ही भेग तशी नव्हती. खोल होती, कडा जाड आणि पिवळट, आणि आत मातीची काळी रेघ होती. आईच्या टाचांना असतात तशी. रोज मैलोन्‌मैल अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या असतात तशी. ते पाऊल अजून एकदाही जमिनीला लागलेलं नव्हतं.

"कोरडी हवा आहे इथली," ताई म्हणाली. आवाज साधा होता, पण तिने तेलाची वाटी खाली ठेवून बाळाचं पाऊल दुपट्यात गुंडाळलं.

खाली आवाज थांबत नव्हता. पूर्वी तो दिवसातून कधीतरी यायचा. आता मी एक ईमेल वाचून संपवायच्या आत यायचा. आपला रीडर असंच करतो, हे माझ्या लक्षात आलं. जिथे एकदा काहीतरी भरपूर सापडलं, तिथे तो जास्त वेळा फेऱ्या मारतो. आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं.

काका माझ्यावर रागावले नाहीत. टोपी घालून बाहेर गेले आणि दोन्ही हात भरून पिशव्या घेऊन आले. नवीन बादली, नवीन पडदे, टेबललॅम्प, भिंतीवरचं घड्याळ, चादरी. एका दिवसात एवढ्या ओळी आम्ही कधीच लिहिल्या नव्हत्या. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आई वस्तू जागेवर मांडत होती, पडद्याच्या चुण्या सारख्या करत होती.

संध्याकाळी मी घरभर फिरले. बादलीवरचं कंपनीचं लेबलसुद्धा चकचकीत होतं. चादरींना खळीचा वास होता. घड्याळाची काच स्वच्छ. आमच्या घरात पहिल्यांदाच ओळ लिहिलेली वस्तू संध्याकाळीही नवी राहिली होती. तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

वर बाळाच्या कपाळावर एक आठी आली होती. झोपेतही ती जात नव्हती.

६

मी कपाट उघडलं आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पंखा फिरत फिरत थांबला. हिरवा दिवा विझला. इंटरनेटची वायरही काढून हातात घेतली. साइट गेली, पान गेलं, फीड गेलं. इतकी वर्षं यांना हे सुचलं नाही, या विचाराने मला रागाबरोबर थोडी घमेंडही वाटली.

मी तिथेच खाली बसून होते, दोन्ही वायरी मांडीवर घेऊन. खुट्.

बंद कॉम्प्युटरच्या पेटीतून. मी तिच्यावर तळहात ठेवला. ती गार होती. खुट्. हा आवाज पेटीच्या आतून येत नव्हता, हे तळहाताला कळलं. तो पेटीवर येत होता. पलीकडून कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं तसा.

उठले ती सरळ आत्याकडे गेले. ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीशी उभी राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"उपटून काय होणार," ती म्हणाली. "त्याला पत्ता माहीत झालाय. आता पानाची गरज नाही."

त्याला म्हणजे कोणाला, मी विचारलं.

"मी कधी वळून पाहिलं नाही. म्हणून तर अशी बसते." तिने मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले. "कळतं मात्र. पान उलटताना पुस्तकाला कळत असेल ना, तसं कळतं."

मी म्हटलं, ताईला आणि बाळाला आत्ताच्या आत्ता दुसरीकडे पाठवते.

"मी तेव्हा हॉस्टेलवर होते," आत्या म्हणाली. "इथून रात्रभराच्या अंतरावर. परीक्षेत पहिली आले होते. दादाने कौतुकाने ओळ लिहिली, 'आमच्या धाकटीचा पहिला नंबर आला.' वसतिगृहाच्या बाईंनी मला घरी आणून सोडलं तेव्हा माझ्या आईने मला ओळखलं नाही."

थांबतं कसं, मी विचारलं.

"वर नवी ओळ आली की खालची सोडून देतं. पण तेवढीच मोठी लागते. माणसाच्या वर बादली चालत नाही."

७

चहाची वेळ होती. काकांनी सगळ्यांना खाली ऑफिसात बोलावलं. आई आली, आत्याला मी धरून आणलं. तिला जिने उतरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ताई वर बाळाजवळ होती. काकांनी कॉम्प्युटरची वायर स्वतःच पुन्हा जोडली होती. पान उघडं होतं, ओळ लिहायची जागा रिकामी होती, आणि माझी खुर्ची ओढून माझ्यासाठी ठेवलेली होती.

काका बराच वेळ भलतंच बोलत राहिले. घर कसं सांभाळलं, किती निभावलं, तुम्हा मुलींना कधी कशाची झळ लागू दिली नाही. मी ऐकत होते आणि माझं लक्ष जिन्याखाली होतं, तिथे आवाजांमध्ये आता श्वास घेण्याएवढीच जागा उरली होती. शेवटी मी म्हटलं, काका, काय लिहायचंय ते सांगा.

"एक ओळ," ते म्हणाले. "छोटीशी. तुझ्याबद्दल."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तिला हे आधीपासून माहीत होतं.

"पोराचं किती असणार, दोन दिवसांत वाचून संपेल. तू मोठी आहेस. शिकलेली, दणकट. तुला बरंच पुरेल. तेवढ्यात आपण काहीतरी मार्ग काढू."

"मार्ग," मी म्हणाले. "इतकी वर्षं कोणता काढलात?"

"उद्धटपणा नंतर कर," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाळ आहे गं ते."

"बाळ आहे हे मला कळतं. मग तुझी लिहू का, आई? काकांची लिहू?"

काका समजुतीच्या सुरात म्हणाले की त्याला नवीन लागतं. आम्ही झिजलेली माणसं, आमच्यात नवीन काय राहिलंय? ते थोडे हसलेही, मी लहान असताना माझा हट्ट मोडण्यापूर्वी हसायचे तसे. मी पडद्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मी लिहायला तयार होते. बाळाची टाच माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण ते हसले, आणि मला कळलं की यांनी स्वतःचं नाव एकदाही मनात आणून पाहिलेलं नाही.

"आत्या," मी विचारलं, "तुझं चालू होतं तेव्हा वर ओळ कोणाची घातली?"

आत्या भिंत शोधत होती; ऑफिसात सगळीकडे काचा होत्या. "कोणाची नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं दादाला. सगळे बसले होते असेच. चहा झाला. मग उठले."

"तेव्हा आपण..." काका म्हणाले.

"मी माझी ओळ लिहिणार नाही," मी म्हणाले. "बाळाचीही नाही. तुमची लिहीन. नवीन नाही म्हणता ना? जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते नवीन. आत्याच्या वेळी गप्प का बसलात, ते सांगा. खरं सांगा, मी शब्दन्‌शब्द लिहिते. भरपूर आहे त्यात. पुरेल त्याला."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. त्याच वेळी जिन्याखालचा आवाज थांबला.

वरून ताईचं बोलणं ऐकू आलं. झोपाळू, समाधानी आवाज, बाळाशी बोलतानाचा. मग तिने सूर बदलला, दाराशी आलेल्या कोणाला तरी उद्देशून. "अगं, दारात काय उभी राहिलीस? ये ना आत. जागाच आहे तो, बघ."

आई इथे होती. आत्या माझ्या शेजारी होती. मी खुर्चीवर होते.

"कोण सांगतंय?" मी म्हणाले. "काका? आई? एकाने बोला. लवकर."

वर लाकडी फरशीवर कोणीतरी पाऊल टाकलं, सावकाश, घरचं असल्यासारखं. काकांनी चष्मा काढला आणि काचा शर्टाला पुसायला घेतल्या. आईने पदर तोंडावर धरला. मला आयुष्यभर मध्येच तोडणारी ही माणसं. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि कोणीही काहीही बोललं नाही.